दुसऱ्या वेलांटीची ठिणगी

१. शी!

पैज लागली ती शिंप्याच्या पाटीवरून.

शिंपी म्हणजे टाचणी. इमारतीच्या तळमजल्यावर त्याचं दुकान. तोंडात कायम दोन-तीन टाचण्या धरून बोलायचा, म्हणून सगळे त्याला टाचणीच म्हणत. त्या संध्याकाळी त्यानं मोठ्या हौसेनं नवी पाटी टांगली: ‘येथे कपडे शीवून मिळतील.’ रंग वाळतोय न वाळतोय तोच दुसऱ्या मजल्यावरच्या मात्राबाई खाली उतरल्या, पर्समधून लाल खडू काढला आणि भर रस्त्यात ओरडल्या, “‘शी’ काय, शी! अहो, गिऱ्हाईक नाक धरून पळेल! पहिली वेलांटी द्या, पहिली!”

मात्राबाई तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासत होत्या. काना, मात्रा, वेलांटी यांच्या मागे हात धुऊन लागायच्या. वय त्रेपन्न, खोड्या तेराव्या वर्षातल्या. कोणाच्या दारावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी दिसली की खाली खडूनं ‘कुत्राही तुमच्यापासून सावध आहे’ लिहून यायच्या आणि जिन्यात उभ्या राहून एकट्याच हसायच्या.

“बाई, एक दिवस तरी गप्प बसून दाखवा,” टाचणी टाचण्यांमधून फिसकारला. “एक दिवस! कोणाचीही चूक काढायची नाही. तोंडानं नाही, पेनानं नाही, खडूनं नाही.”

“आणि भुवईनं?”

“भुवईनंही नाही!”

“जमेल की. हरले तर?”

टाचणी थबकला. एवढा लांबचा विचार त्यानं केला नव्हता. मग त्याचं लक्ष भिंतीवरच्या जाहिरातीकडे गेलं. शहरात जुन्या कॉमिक्सचं प्रदर्शन भरणार होतं आणि जाहिरातीवर कप्तान कडाका छाती काढून उभा होता: पाठीवर झूल, विजारीवर लाल चड्डी.

“हरणाऱ्यानं हा पोशाख घालायचा,” टाचणी म्हणाला, “आणि फाटकापासून बसथांब्यापर्यंत ओरडत जायचं. चड्डी विजारीच्या वरून!”

जमलेले शेजारी खिंकाळले. मात्राबाईंनी हात पुढे केला. तेवढ्यात इमारतीचे सेक्रेटरी पुढे झाले. इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. “पंच मी होतो,” ते गोड हसून म्हणाले. “मुदत उद्या दुपारी बारापर्यंत. बाराला मी पाण्याची मोटर बंद करतो, म्हणजे वेळेचा वाद नको.”

हात मिळाले. मात्राबाई वळल्या आणि जागीच खिळल्या. समोर जिन्याखाली काचेचा सूचनाफलक होता आणि त्यात सेक्रेटरींनी नुकतीच एक नवी सूचना लावली होती. चांगल्या जाड पुठ्ठ्यावर, सुवाच्य अक्षरात:

‘सर्व रहीवाशांना कळवीण्यात येते की, उद्या पाण्याची टाकी धूण्यात येणार आहे. तरी पाणि भरून ठेवावे. आपला विश्वासु, सेक्रेटरी.’

एक, दोन, तीन, चार, पाच! मात्राबाईंचा हात आपोआप पर्सकडे गेला. त्या फलकाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असायची. तीन वर्षांपूर्वी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि सभेत रीतसर ठराव झाला होता: ‘फलक सेक्रेटरींशिवाय कोणी उघडू नये. अपवाद मात्राबाईंचा, तोही फक्त शुद्धलेखनाच्या दुरुस्तीपुरता.’

“मात्राबाई...” मागून सेक्रेटरींचा मधाळ आवाज आला. “पैज.”

बाईंनी पर्सची चेन ओढली, डोळे मिटले आणि भिंत धरून जिना चढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता वरच्या मजल्यावरून हाक आली. हाक कसली, किंकाळीच.

“अगं मात्रा, लवकर ये गं! माझी ठिणगी गेली!”

२. चूक कुठं गेली?

हाक मारणाऱ्या अक्षरआजी. वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्यात मोतीबिंदू, हात मात्र अजून रेघ मारावी तसा सरळ. आयुष्यभर त्यांनी कॉमिक्समध्ये अक्षरं लिहिली. चित्रकार चित्रं काढायचा, आजी त्यावरच्या फुग्यांमध्ये हातानं संवाद भरायच्या.

‘कप्तान कडाका’चा तेविसावा अंक चालला होता तेव्हाची गोष्ट. कप्तान नवव्या पानावर विहिरीत पडला आणि नेमका चित्रकार तापानं आडवा झाला. एक चौकट रिकामी राहिली. छापखाना खोळंबलेला. आजींनी बोरू उचलला आणि त्या चौकटीत एक शेंबडी, झिपरी पोरगी काढली. ती दोर टाकते आणि म्हणते, “सरक कप्तान, तुझ्याच्याने नाही होणार!” नाव ठेवलं ठिणगी आणि तेही त्याच फुग्यात लिहिलं.

पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पोरांनी कप्तानाला विचारणं सोडलं. सगळ्यांना ठिणगी पाहिजे. आज ती दप्तरांवर होती, पाण्याच्या बाटल्यांवर होती, पडद्यावर नाचत होती. ती पहिल्यांदा आली तो तेविसावा अंक म्हणजे संग्राहकांचा जीव की प्राण. पहिल्या आवृत्तीच्या प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. प्रदर्शनवाल्यांनाही एक मिळाली नव्हती.

आणि जग काय म्हणत होतं? ठिणगी कप्तानाच्या चित्रकारानं काढली. तो चित्रकार म्हणजे सेक्रेटरींचे सख्खे काका. काका कधीच वारले होते. पुतण्या मात्र इमारतीत येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी गॅस दुरुस्त करणाऱ्यालाही, “ठिणगी आमच्या घरातली बरं का,” असं ऐकवायचा.

“साडेअकराला ती प्रदर्शनवाली बाई येणार,” आजी मात्राबाईंचा हात धरून म्हणाल्या. “बाराला ठिणगीचा फलक छापायला जातोय. पहिल्या आवृत्तीत शेवटच्या पानावर संपादकांनी छापलंय की ठिणगी माझी म्हणून. फक्त त्याच आवृत्तीत! ते दाखवलं तर माझं नाव लागणार. नाहीतर सगळे म्हणतील, म्हातारीला भ्रम झालाय.”

समोर बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडा होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक अंक होता. ‘कप्तान कडाका, अंक २३.’ वरून अगदी तोच.

दारात टाचणी आणि सेक्रेटरी येऊन उभे राहिले होते. “अहो आजी, आहे की हा!” टाचणी म्हणाला.

“हा माझा नाही. याला शाईचा वास नाही. आणि शेवटचं पानही कोरं लागतंय मला.”

सेक्रेटरींनी मान हलवली. “आजी, चष्मा बदला. अंक तेवीस आहे. काय हो मात्राबाई?”

मात्राबाईंनी नववं पान उघडलं. विहीर, दोर, झिपरी पोरगी. फुग्यातला मजकूर त्यांनी एकदा वाचला, दोनदा वाचला. आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हळूहळू हसू उमटलं.

“ठिणगी,” त्या म्हणाल्या. “ठि. पहिली वेलांटी.”

“चूक काढली!” टाचणी उड्या मारायला लागला. “हरल्या! बाई हरल्या!”

“चूक कुठं काढली?” मात्राबाई तोऱ्यात म्हणाल्या. “इथं चूक नाहीये, हाच तर सगळा घोटाळा आहे! चूक नसल्याची तक्रार करायची नाही, असं पैजेत ठरलंय का हो पंच?”

पंचांनी खिशातली पेनं सारखी केली. “नाही... तसं नाही.”

“मग ऐका. पहिल्या आवृत्तीत ‘ठीणगी’ होतं, दुसरी वेलांटी. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. कंपनीला पोस्टकार्ड टाकलं, ‘तुम्हाला साधं ठिणगी लिहिता येत नाही, लाज वाटली पाहिजे.’ आयुष्यातली माझी पहिली दुरुस्ती! पुढच्या आवृत्तीत त्यांनी ती सुधारली. म्हणजे हा अंक पुन्हा छापलेला आहे. खरा कुणीतरी उचललाय आणि हा त्याच्या जागी ठेवलाय.”

“आणि ती चूक नव्हती, भवाने,” आजी डोळे पुसत म्हणाल्या. “दुसऱ्या वेलांटीचा फटकारा उजवीकडून उडतो. त्याच्या टोकाला मी ठिणगी काढली होती. पहिलीला तसा उडत नाही.”

“त्या पोस्टकार्डाच्या उत्तरापासून चव्वेचाळीस वर्षं हेच सांगताय,” मात्राबाई म्हणाल्या. “आज पहिल्यांदा पटतंय.”

घड्याळात सव्वानऊ वाजले होते.

३. तिघं आणि एक कात्री

काल दिवसभरात आजींकडे कोण कोण आलं होतं? आजींनी बोटं मोडून सांगितलं. सकाळी दहाला भाचा. दुपारी रद्दीवाला. चारला टाचणी, आज घालायच्या जाकिटाचं माप घ्यायला. पाचला सेक्रेटरी, कसल्याशा अर्जावर सही घ्यायला.

भाचा पहिला सापडला. जुनी कॉमिक्स जमवायचा, घरात पलंगापेक्षा कपाटं जास्त. मात्राबाईंना पाहताच त्याचा चेहरा उतरला.

“मी नाही हं घेतला, ताई! मागितला होता मावशीकडे, खोटं कशाला बोलू. दरवर्षी मागतो. दरवर्षी शिव्या खातो.”

“काल काय करत होतास तिथं?”

“फोटो काढले. प्रदर्शनवाल्यांना पाठवायला.” त्यानं फोन पुढे केला. मुखपृष्ठ आणि नववं पान. नवव्या पानावर दुसरी वेलांटी तोऱ्यात उडत होती आणि टोकाला बारीकशी चांदणी.

“शेवटचं पान?”

“ते नाही काढलं.” त्यानं कपाळावर हात मारला. “चित्रच नव्हतं ना त्यावर! पण त्या मॅडम फोटो मानतच नाहीत. मूळ अंक हातात घेतल्याशिवाय फलकावर नाव लावणार नाहीत.”

म्हणजे सकाळी दहापर्यंत खरा अंक डब्यातच होता. आणि भाच्याला चोरायचाच असता तर आपल्याच फोनमध्ये पुरावा कशाला ठेवला असता? मात्राबाईंनी त्याला मनातून खोडून टाकला.

रद्दीवाल्याच्या दुकानावर ‘येथे रद्दि घेतली जाईल’ असं लिहिलं होतं. बाईंनी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

“दात दुखतोय का?” रद्दीवाल्यानं विचारलं.

“जीभ,” बाई बोळ्यातून म्हणाल्या. “जुनी कॉमिक्स होती का तुमच्याकडे? कप्तान कडाका?”

“होती की. अख्खा गठ्ठा. पण सगळी नंतर छापलेली, त्याला संग्रहवाले हात लावत नाहीत. गेल्या आठवड्यात टाचणीनं नेली. त्याला कापडाचे खाके कापायला जाड कागद लागतो.”

टाचणी! मात्राबाई जवळजवळ धावतच दुकानात शिरल्या. टाचणी नव्हता. टेबलावर आजींचं जाकीट अर्धवट शिवून पडलं होतं आणि त्याच्या शेजारी, भल्याथोरल्या कात्रीखाली, बाहीच्या आकारात कापलेला एक कागद.

कागदावर विहीर होती. दोर होता. आणि दोर टाकणाऱ्या झिपऱ्या पोरीचं डोकं काखेच्या गोलाईत बरोबर अर्धं कापलेलं होतं.

४. पैज कोणाची?

मात्राबाईंनी कात्री बाजूला सारली. त्यांनी कागद उजेडात धरला. कापलेल्या फुग्यात दोन अक्षरं उरली होती: ‘ठिण’. पहिली वेलांटी.

त्या खुर्चीत बदकन बसल्या आणि मोठ्यानं हसायला लागल्या.

“काय झालं?” टाचणी चहाचे दोन कप घेऊन दारात उभा होता.

“काही नाही. तुमची मान वाचली. कप ठेवा खाली आणि सांगा, या गठ्ठ्यातला तेविसावा अंक कोणी नेला?”

“तेविसाव्याचे चांगले तीन-चार होते. बाहेरच पडलेला असायचा गठ्ठा. येणारा-जाणारा चाळायचा. आजींचा भाचा, सेक्रेटरी, त्यांची बायको, तुम्हीसुद्धा बसला होतात की परवा, पेन घेऊन!”

हे खरं होतं. परवा मात्राबाईंनी दोन अंक वाचून त्यातल्या सात चुका दुरुस्त केल्या होत्या. म्हणजे धागा इथंच तुटला. त्या चहा फुंकत बसल्या. साडेदहा वाजले होते. कोपऱ्यातल्या मशीनवर एक जांभळा पडदा अर्धा शिवलेला दिसला.

“ते काय?”

“तुमची झूल,” टाचणी खूश होऊन म्हणाला. “आधीच तयार ठेवतोय. खरं सांगू बाई, मजा आली. पण ही पैज काही माझ्या डोक्यातली नाही हं. मला कुठलं एवढं सुचतंय! मी पाटी लावत होतो तर सेक्रेटरी आले, म्हणाले, आता मात्राबाई येतील आणि तुझा पाणउतारा करतील. तू त्यांना एक दिवस गप्प बसायला लाव ना. मी पंच होतो.”

मात्राबाईंचा कप ओठांपाशीच थांबला.

“पाटीवर ‘शी’ होतं ते त्यांनी पाहिलं होतं?”

“हो की. म्हणाले, राहू दे, छान दिसतंय.”

बाई उठल्या. दुकानाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. समोर जिना, जिन्याखाली काचेचा फलक. या पैजेनं आपलं काय काय बंद झालं? तोंड बंद झालं. बरोबर. कारण ‘ठिणगी’तली वेलांटी ओळखणारा दुसरा माणूस इमारतीत नाही. पण तोंडाबरोबर आणखीही काहीतरी बंद झालं होतं. त्यांनी पर्स चाचपली. आत, लाल पेनाला बांधलेली, एक छोटीशी किल्ली होती.

“टाचणी,” त्या हळूच म्हणाल्या, “आपली पाण्याची टाकी कधी धुतली हो?”

“गेल्या रविवारी नाही का! माझा नळ दोन दिवस गढूळ होता. का?”

मात्राबाई जिन्याकडे दोन पावलं सरकल्या. त्या फलकाकडे पाहत होत्या. गेल्याच आठवड्यात धुतलेली टाकी. पुन्हा धुवायची सूचना. एरवी वहीच्या अर्ध्या पानावर लिहिणाऱ्या माणसानं लावलेला जाड पुठ्ठा. पुठ्ठा एवढा मोठा, की त्याच्यामागं एक अख्खं कॉमिक निवांत झोपलं असतं.

५. लाल पेन

साडेअकराला प्रदर्शनवाल्या मॅडम आल्या. आजी नवं जाकीट घालून, हातात तो खोटा अंक धरून खाली येऊन बसल्या होत्या. सेक्रेटरींनी जिन्यापाशीच खुर्च्या मांडल्या होत्या. भाचा होता, रद्दीवाला होता, अर्धी इमारत कठड्यावर लोंबकळत होती.

मॅडमनी अंक उलटसुलट पाहिला. “आजी, ही पुढची आवृत्ती आहे. यात तुमच्याबद्दल काहीच नाही.”

“माझा अंक चोरीला गेलाय हो.”

“असं बघा मॅडम,” सेक्रेटरी हळुवारपणे म्हणाले, “आजींचं वय झालंय. आम्ही सगळे त्यांना मानतो. पण आठवणी कधी कधी... आमच्या काकांनीच ठिणगी काढली. सगळ्या जगाला माहीत आहे.”

आजींनी कोणाकडे पाहिलं नाही. त्यांचा उजवा हात मांडीवर सरळ रेघा ओढत राहिला. त्या हाताकडे पाहून मात्राबाईंचं हसू मावळलं आणि त्यांना रागच आला.

पावणेबारा झाले. मॅडमनी घड्याळ पाहिलं. “बाराला फलक छापायला जातोय. मला निघायला हवं.”

मात्राबाई याच क्षणासाठी थांबल्या होत्या: सगळ्यांसमोर उघडला तर अंक त्यांनीच तिथं ठेवला, असं कोणी म्हणणार नव्हतं. त्या पुढे झाल्या. “सेक्रेटरीसाहेब, जरा हा फलक उघडता का?”

“किल्ली घरी राहिली.” कमरेचा जुडगा खणखणला तशी त्यांनी त्यावर हात ठेवला.

“माझ्याकडे आहे.”

“ती फक्त शुद्धलेखनाच्या दुरुस्तीपुरती! ठराव आहे! आणि दुरुस्ती केलीत तर...” सेक्रेटरींनी सगळ्यांकडे पाहिलं, “पैज हरलात. पंधरा मिनिटं थांबा. बारानंतर खुशाल उघडा.”

बारानंतर! कठड्यावरचे हसले. मात्राबाईंनी टाचणीकडे पाहिलं. त्याच्या हातावर जांभळी झूल होती आणि वर एक लाल चड्डी, चांगली तिप्पट मापाची. मग त्यांनी आजींच्या हाताकडे पाहिलं.

“टाचणी,” त्या म्हणाल्या, “नाडी घट्ट आहे ना?”

“एकदम.”

मात्राबाईंनी पर्स उघडली, लाल पेन काढलं, दातानं टोपण उपटलं आणि किल्ली कुलपात घातली. कठड्यावरचे आणखी खाली वाकले.

“रहिवासी!” त्या गर्जल्या. “‘हि’, पहिली! ही माणसं राहतात, ही ही करत नाहीत!”

पहिली लाल फुली पडली. कठड्यावरून शिट्टी आली.

“कळविण्यात! पहिली! धुण्यात! पहिला उकार, टाकी तशीही धुतलेलीच आहे! पाणी! दुसरी, कारण ते खाली वाहतं! आणि विश्वासू...” त्या वळल्या. सेक्रेटरींचा चेहरा पुठ्ठ्याच्या रंगाचा झाला होता. “यात दोन चुका आहेत साहेब. एक उकाराची. दुसरी तुमची.”

त्यांनी पुठ्ठा खसकन ओढला. मागून काहीतरी घसरलं, फलकाच्या कडेवर क्षणभर टेकलं आणि अलगद आजींच्या मांडीवर पडलं.

जुना, पिवळा, पिना गंजलेला. आजींनी तो नाकाशी नेला आणि डोळे मिटले. “शाई,” त्या म्हणाल्या. “माझी शाई.”

मॅडमनी दोन्ही हातांनी अंक घेतला. नववं पान: दुसऱ्या वेलांटीच्या टोकावर चांदणी. मग शेवटचं पान. त्यांनी मोठ्यानं वाचलं:

“‘आपली नवी मैत्रीण ठीणगी आमच्या अक्षरलेखिकाबाईंच्या डोक्यातून आणि बोरूतून उतरली आहे. तिचं चित्र, नाव आणि जीभ सगळं त्यांचंच. हे छापावं असा आमच्या चित्रकारांनीच हट्ट धरला.’”

 मग सेक्रेटरी खुर्चीत बसले. “फाडणार होतो,” ते पुटपुटले. “फाडवेना. काकांची चित्रं आहेत त्यात. बारा वाजले की परत डब्यात ठेवणार होतो. घरी ठेवला असता तर बायकोला सापडला असता, ती आजींकडेच पळाली असती. इथं मात्राबाईंखेरीज कोणी हात लावत नाही...”

“म्हणून मात्राबाईंचा हात बांधलात,” मात्राबाई म्हणाल्या. “डोकं चांगलं चालवलंत हो. फक्त धुतलेली टाकी पुन्हा धुवायला नको होती.”

“शेवटचं पान वाचलं नव्हतंस का रे?” आजींनी विचारलं. “तुझ्या काकांनीच हट्ट धरलाय तिथं. तापात उठून आले होते ते. म्हणाले, ही चौकट माझी नाही, हिची आहे, तसं छापा. तू ज्याचं नाव मोठं करायला निघालास ना, तो माणूस तुझ्यापेक्षा फार मोठा होता.”

सेक्रेटरींनी मान खाली घातली ती वर आलीच नाही.

मॅडम फोनवर बोलत होत्या. “थांबवा! फलक थांबवा! नाव बदलायचंय. हो, लिहून घ्या...”

बरोबर बाराच्या ठोक्याला पाण्याची मोटर घरघरत बंद पडायची. आज ती चालूच राहिली. सेक्रेटरींच्या लक्षातच नव्हतं.

६. चड्डी वरून

साडेबाराला फाटकापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. बसथांब्यावर तिघं बसची वाट पाहत होते. बस आली आणि गेली, तिघं चढलेच नाहीत.

मात्राबाई बाहेर आल्या. जांभळी झूल, खाली पांढरी सलवार आणि सलवारीवर लाल चड्डी, नाडीसकट. कंबरेवर हात ठेवून त्यांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे.

“कोण हसलं?”

सगळेच हसले.

“हसा! पण मी एकटी जाणार नाही. पैज लावताना पंचांनी फसवलं. पंचाला काही शिक्षा आहे की नाही?”

“आहे, आहे!” टाचणी ओरडला आणि झुलीचं मागचं टोक उचलून त्यानं सेक्रेटरींच्या हातात दिलं. ती झूल इतकी लांब शिवली होती की दोन माणसं मागं चालली असती. सेक्रेटरींनी टोक धरलं. त्यांचे कान लाल झाले होते, पण त्यांनी ते सोडलं नाही.

आजी मधेच पुढे आल्या, भाच्याच्या हाताला धरून. “मीही येणार. माझी पोरगी आहे ती.”

मिरवणूक निघाली. पुढं मात्राबाई, शेजारी आजी, मागं झूल सांभाळत सेक्रेटरी, त्यांच्या मागं अख्खी इमारत. रद्दीवाल्यानं तराजूचं पारडं काढून वजनानं बडवायला घेतलं.

“सरक कप्तान!” मात्राबाई ओरडल्या.

“तुझ्याच्याने नाही होणार!” आजींचा आवाज सगळ्यांच्या वर गेला, आणि ज्यांनी ज्यांनी लहानपणी ते वाचलं होतं, ते बसथांब्यावरचे तिघंही, ओरडायला लागले.

थांब्यापाशी पोचल्यावर टाचणी मागून पळत आला. “अरे, झूल उलटी घातली की! नाव आत गेलं!” त्यानं झूल सोडवली, उलटवली, पुन्हा बांधली. पाठीवर पिवळ्या दोऱ्यानं, टपोऱ्या टाक्यांत भरतकाम केलेलं होतं: ‘ठीणगी’.

सगळ्यांच्या नजरा मात्राबाईंकडे वळल्या. टाचणीनं तोंडातली टाचणी काढली. “बाई, बारा वाजून गेलेत. पैज संपली. काढा चूक, मी ऐकून घेतो.”

मात्राबाईंनी मान वळवून आपल्या पाठीकडे पाहिलं. दुसरी वेलांटी. टोकाला टाचणीनं स्वतःच्या मनानं एक चांदणीही टाकली होती. त्यांनी पर्समधलं लाल पेन काढलं, टोपण लावलं आणि ते पेन आजींच्या जाकिटाच्या खिशात अडकवून दिलं.

“चूक कसली?” त्या म्हणाल्या. “पहिली आवृत्ती आहे ती!”